दंड नाही, मुंढा चुकलाय: बायकांचे कपडे डिझाइन करताना या चुका टाळा

ट्रायलला कपडा काचला की बाई हळूच म्हणते, "माझेच दंड जाड आहेत हो." आणि नवशिका डिझायनर मान डोलावतो! तिथेच माझं डोकं फिरतं. अंगात दोष काढणं सोपं, पॅटर्न (ज्यावरून कापड कापतो तो कागदी नमुना) उघडून बघायला वेळ लागतो.

अर्थात, मीही मान डोलावली आहे. एका शिक्षिकेचा ड्रेस होता. फळ्यावर लिहायला हात वर केला की कंबरेची शिवण बरगड्यांवर चढायची. मोकळं होईल म्हणून मी मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, आणखी खाली कापला. झालं उलटंच, आता हात खांद्याच्या वर जाईना. मुंढा काखेपासून जितका खाली, तितकी हात उचलताना बाजू ओढली जाते. हवा होता वर, काखेजवळचा मुंढा आणि दंडाशी रुंद, पण माथ्याला (खांद्याकडच्या गोलाईत) कमी उंच बाही. कापलेलं कापड परत वाढत नाही. वरचा भाग आणि बाह्या पुन्हा कापल्या, पदरच्या पैशांनी. "दंड नाही, माझा मुंढा चुकला होता," असं सांगितल्यावर ती आरशासमोर कितीतरी वेळ हवेतच लिहीत राहिली.

तेव्हापासून मी मापाचा आकडा मोठ्याने वाचत नाही. मुकाट्याने लिहितो. आणि "पोट झाकू या का?" असं आपणहून कधीच विचारत नाही. विचारतो ते एवढंच: हे घालून दिवसभर काय करणार?

डमीवर छान बसलं म्हणून खूश होऊ नका. डमीला हात नसतात, ती खुर्चीवरही बसत नाही. बसल्यावर सीटचा, म्हणजे नितंबांचा, घेर वाढतो, त्यामुळे ट्रायल बसवूनच घ्या.

मोठा साइज म्हणजे लहान पॅटर्न सगळीकडून फुगवणं नव्हे. घेर वाढला म्हणून खांदे तेवढे रुंद होत नाहीत.

टक्सचं (कापडाला आकार देणाऱ्या निमुळत्या चुणीचं) टोक छातीच्या उंचवट्याच्या २-३ सेंटीमीटर अलीकडे थांबवा.

खोटे खिसे? नकोच.

सुती कापड आधी धुवा, मग कापा.

मांजरपाटावर कच्चा नमुना न शिवता थेट महागड्या कापडाला कात्री लावणाऱ्यांना मी समजावणं सोडलंय. निदान बाजूच्या शिवणीत २.५ सेंटीमीटर माया (आत दुमडलेलं जादा कापड) तरी ठेवा. पुढच्या वर्षी ती बाई तोच ड्रेस सैल करायला घेऊन आली, तर उसवायला काही उरलेलं असेल.