तांब्यावर स्पॉट मारायच्या आधीची तयारी, आणि खालचं पाणी

मागच्या पावसाळ्यात साकीनाक्याला आमच्या गाळ्यात ०.४ मिमी तांब्याच्या पट्ट्या पितळी पत्र्याच्या टर्मिनलवर स्पॉट वेल्ड करायचं (दोन टिपांमध्ये दाबून, करंट सोडून जोडायचं) काम होतं, आणि साठेक पीस झाल्यावर खालच्या टिपचं टंगस्टनचं बटण शँकमध्ये, म्हणजे टिपच्या दांड्यात, तिरकं झालं. आदल्या रात्री गाळणी साफ करताना खालच्या आर्मचा पाण्याचा वॉल्व्ह मी बंद केला होता, तो सकाळी उघडायचा राहिला. टंगस्टन शँकमध्ये ब्रेझ करून (कमी तापमानाला वितळणाऱ्या धातूने जोडून) बसवलेलं असतं, पाणी नसेल तर आधी ते ब्रेझिंग मऊ पडतं, टंगस्टनला स्वतःला काही होत नाही. टिप गेली, पट्ट्या गेल्या, पार्टीला माल दोन दिवस उशिरा गेला. म्हणून ही यादी लिहितोय, आमच्याकडच्या नव्या पोरांसाठी आणि स्टीलवरून तांब्यावर येणाऱ्या कुणासाठीही.

तर पहिलं खालचं पाणी. वॉल्व्हचा दांडा बघून समाधान मानू नका, दांडा उघडा दिसतो आणि आत गाळणी चोंदलेली असते. दोन्ही रिटर्नचे (पाणी परत येणारे) पाईप ड्रममध्ये वरून सुटे सोडा म्हणजे धार डोळ्याला दिसते. एक लिटरची बाटली घ्या, आधी खालच्या धारेखाली धरा, मग वरच्या, १५ सेकंदात भरली तर मिनिटाला चार लिटर येतंय, आमच्या टिपला तेवढं पुरतं. २५-३० सेकंद लागत असतील तर काम सुरू करू नका, कुठे अडलंय ते शोधा. टिपच्या आतली नळी पण बघा. तिचं टोक तिरकं कापलेलं हवं आणि टिपच्या तळापर्यंत पोचलेलं हवं, आणि पाणी त्या नळीतून आत जाऊन बाहेरून परत आलं पाहिजे. होज उलटे लावले की तळाशी हवा किंवा वाफ अडकते, धार मात्र छान दिसते, म्हणून टिप बदलली की होज कुठला कुठे होता ते खडूने लिहून ठेवा. चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) असेल तर जुलैत २० डिग्रीला लावू नका, आपल्याकडे त्या दिवसांत दवबिंदूच २५ च्या आसपास असतो, टिपला घाम सुटतो आणि तो जॉबवर ठिबकतो.

माल कुठला आहे ते विचारून घ्या. किका स्ट्रीटवरून (मुंबईचा धातूबाजार) पत्रा आणला की दुकानदार पितळ म्हणतो, पण कुठलं पितळ? ७०/३० पितळाची कंडक्टिव्हिटी तांब्याच्या साधारण २८ टक्के, त्यामुळे ते स्पॉट होतं. फॉस्फर ब्रॉन्झ १५ टक्क्यांच्या आसपास, अजून सोपं. ९०/१० क्युप्रोनिकेल जवळजवळ स्टीलसारखंच वागतं. पण टर्मिनल सळईतून टर्निंग करून आलं असेल तर ते बहुतेक फ्री कटिंग पितळ, त्यात शिसं असतं, त्यावर स्पॉटचा भरवसा धरू नका, पार्टीला आधीच सांगा. आणि शुद्ध तांबं सगळ्यात अवघड, कारण ते स्टीलच्या सात-आठ पट वेगाने उष्णता ओढून नेतं आणि स्वतःचा रेझिस्टन्स नगण्य, मग उष्णता जन्मायची कुठे आणि टिकायची कुठे.

ती टिपमध्ये जन्मवायची, म्हणून तांब्याच्या बाजूला टंगस्टन किंवा मॉलिब्डेनम आणि पितळेच्या बाजूला नेहमीची क्रोमियम कॉपरची टिप. तांब्यावर क्रोमियम कॉपर लावलीत तर टिपच जॉबला चिकटते, पान्ह्याने ठोकून काढावी लागते. टंगस्टन ठिसूळ असतं. वरचा आर्म धाडकन आपटू देऊ नका, एअरचा फ्लो कंट्रोल कमी करून सावकाश उतरवा, फाईल तर लावूच नका, ग्राइंडरच्या हिरव्या चाकावर हलक्या हाताने तोंड करा. आमच्याकडे तांब्याची बाजू खाली असते म्हणून टंगस्टन खाली, आणि म्हणूनच परत सांगतोय, खालचं पाणी.

आता सफाई, इथे वेळ घालवा. तांब्यावरचा ऑक्साईड प्रत्येक पीसवर वेगळा असतो, म्हणजे रेझिस्टन्स वेगळा, म्हणजे एक स्पॉट धरतो आणि दुसरा उडतो. ४०० नंबरचा एमरी, मग ऍसिटोन, मग स्वच्छ कॉटनचं फडकं. चारही तोंडं घासा, वरची-खालची आणि आतली दोन्ही, आतलीच लोक विसरतात कारण ती दिसत नाहीत. हातमोज्यांशिवाय हात लावू नका, पावसाळ्यात घामाचा ठसा दुपारपर्यंत तांब्यावर तपकिरी उमटलेला दिसतो, बोटाच्या रेषांसकट. सकाळी लागेल तेवढंच घासा, दोन दिवसांचा माल एकदम घासून ठेवला तर परत घासावा लागतो. टिनचं प्लेटिंग असेल तर टिन २३२ डिग्रीलाच वितळतं आणि टिपला माखतं, टिप सारखी पुसत राहा.

सॅम्पल त्याच लॉटमधून कापा, दुसरीकडचा उरलेला तुकडा चालत नाही. दहा तरी पीस मारा, व्हाइसमध्ये धरून पकडीने सोला. स्पॉटच्या जागी भोक पडून बटण दुसऱ्या पत्र्याला राहिलं पाहिजे. नुसती चमकदार गोल खूण राहून पत्रा सुटला तर ते चिकटलेलं होतं, वेल्ड नव्हतं. आणि पीस उलटा करून खालची खूण बघा. माझी चूक इथेही झाली. वरची खूण स्वच्छ, खालची हळूहळू मोठी आणि काळपट होत गेली, मला वाटलं करंट जरा जास्त आहे, मी दोन टप्पे कमी केला आणि पुढे चाललो. खालची खूण वाढत चालली की करंटला किंवा टायमरला हात लावू नका, आधी खालच्या पाण्याची धार बघा.

सेटिंगचं थोडक्यात. स्टीलच्या मानाने करंट जास्त, वेळ कमी, प्रेशर कमी, पण इतकं कमी नाही की ठिणग्या उडतील आणि टिपला खड्डे पडतील. अमेरिकन चार्ट बघून वेळेच्या सायकल (एसी करंटचे फेरे) लावत असाल तर तिकडे ६० हर्ट्झ, तिथली ६ सायकल म्हणजे १०० मिलिसेकंद, आपल्या ५० हर्ट्झवर ५ सायकल. तांब्यात एका सायकलचा फरकही कळतो. होल्ड टाईम (करंट थांबल्यावर दाब ठेवायचा वेळ) पुरता द्या, नगेट म्हणजे वितळलेला जोड दाबाखालीच थिजू दे. ज्या वेळेला माल काढायचा त्याच वेळेला सेटिंग करा, कारण शेजारच्या गाळ्यातली मशिनं सुरू झाली की व्होल्टेज पडतं, १० टक्के पडलं तर उष्णता १९ टक्के कमी होते, सकाळचं सेटिंग संध्याकाळी खोटं ठरतं. दोन स्पॉट जवळजवळ घेऊ नका, करंट आधीच्या स्पॉटमधूनच निघून जातो.

जाड तांबं असेल तर हट्ट सोडा, मध्ये १५ टक्के चांदीची फॉस्फरस-कॉपर पट्टी ठेवून त्याच मशीनवर ब्रेझ करा. तांबं-तांबं असेल तर फ्लक्स (ऑक्साईड काढणारं रसायन) नको, पितळ असेल तर हवा, स्टील किंवा निकेलवर ती पट्टी वापरू नका, जोड ठिसूळ होतो.

पितळेत जस्त असतं, ते ९०७ डिग्रीला उकळतं, पांढरा धूर दिसला की एक्झॉस्ट जवळ ओढा. रात्री थंडी वाजून ताप येतो त्याने, गूळ खाऊन काही होत नाही. बेरिलियम कॉपर असेल तर घासू नका, पार्टीला परत द्या. गॉगल, अंगठी-घड्याळ काढणं, पेसमेकरवाल्याला लांब ठेवणं, हे माहीत आहेच.

बंद करताना पाणी अजून पाच मिनिटं चालू ठेवा. मग वॉल्व्ह बंद करणाऱ्यानेच मशीनच्या पायाच्या पॅडलला लाल चिंधी बांधायची. सकाळी ती सोडायची खालची बाटली १५ सेकंदात भरल्यावर, त्याआधी नाही.