आयकर कोणत्या मार्गाने भरावा: नेट बँकिंग, यूपीआय, एनईएफटी की कार्ड?

आयकर विभागाच्या पोर्टलवर 'ई-पे टॅक्स'मध्ये पैसे भरण्याचे सगळे मार्ग एकाच ठिकाणी मिळतात. लॉगिन न करताही पॅन आणि मोबाइलवरच्या ओटीपीने चलन तयार होतं. कोणता मार्ग घ्यायचा हे रक्कम, हातात उरलेले दिवस आणि शुल्क पाहून ठरवावं.

पण त्याआधी चलनातले दोन रकाने नीट तपासा, कारण खरा घोटाळा तिथेच होतो. पहिला वर्षाचा. २०२४-२५ मध्ये मिळवलेल्या उत्पन्नाचा कर असेल तर आकारणी वर्ष २०२५-२६ निवडायचं. दुसरा रकाना कराच्या प्रकाराचा: आगाऊ कर १००, विवरणपत्र भरण्यापूर्वीचा स्वयंमूल्यांकन कर ३०० आणि विभागाने थकीत कराची मागणी काढली असेल तर ४००. मागणीचे पैसे ३०० खाली भरले, तर रक्कम सरकारजमा होते, पण मागणी थकीतच दिसत राहते. म्हणून मागणी असेल तर लॉगिन करून थकीत मागणीच्या पानावरूनच भरा. संदर्भ क्रमांक आपोआप येतो. चूक झालीच तर पोर्टलवर चलन दुरुस्ती करता येते. त्यासाठी आकारणी वर्ष बदलायला ७ दिवस आणि प्रकार बदलायला ३० दिवस मिळतात. नंतर आकारणी अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो.

आता मार्ग. तुमची बँक अधिकृत बँकांच्या यादीत असेल तर थेट तिचं नेट बँकिंग निवडा. पावती लगेच मिळते आणि मोठी रक्कमही जाते. फक्त खात्याची रोजची मर्यादा आदल्या दिवशी वाढवून ठेवा. बँक यादीत नसेल तर पेमेंट गेटवे, म्हणजे यूपीआय, कार्ड वगैरेने पैसे घेणारी सेवा, आहे. तिथे यूपीआय सर्वात सोपं. कर भरण्यासाठी यूपीआयची मर्यादा एका व्यवहाराला ५ लाख रुपये केली आहे, मात्र काही बँका स्वतःची मर्यादा कमी ठेवतात. गेटवेवर शुल्क मार्गानुसार बदलतं. 'पे' दाबण्याआधी आकडा पडद्यावर दिसतो, तो वाचा.

एनईएफटी किंवा आरटीजीएस निवडलं की एक मँडेट फॉर्म तयार होतो. लाभार्थीचं नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी त्यावर जसं आहे तसंच टाका. मागच्या वेळी जतन केलेला लाभार्थी वापरू नका, प्रत्येक चलनाचा क्रमांक वेगळा असतो. रक्कम तंतोतंत तीच हवी. बँकेचं शुल्क त्यातून वजा झालं तर व्यवहार परत येतो. आरटीजीएसला किमान २ लाख रुपये लागतात. चलनाचा सीआरएन, म्हणजे संदर्भ क्रमांक, साधारण १५ दिवस चालतो. शेवटच्या दिवशी हा मार्ग टाळावा, कारण पैसे परत आले तर मुदत हातची जाते.

बँकेच्या काउंटरवर रोख फक्त १०,००० रुपयांपर्यंत चालते. त्यापुढे धनादेश किंवा डिमांड ड्राफ्ट. कंपन्या आणि कर लेखापरीक्षण बंधनकारक असलेल्यांना काउंटर वापरता येत नाही.

क्रेडिट कार्डाचा मोह आवरावा. समजा शुल्क १ टक्का धरलं, तर ६०,००० रुपयांवर ६०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०८ रुपये कराव्यतिरिक्त गेले. बिल पूर्ण फेडता आलं नाही तर कार्डाचं व्याज महिन्याला ३ टक्क्यांच्या आसपास असू शकतं. उशिरा भरलेल्या करावर आयकर कायद्याचं व्याज महिन्याला १ टक्का आहे. म्हणजे पैशांची चणचण असेल तर जमेल तेवढं आज भरा आणि उरलेल्याचं वेगळं चलन नंतर काढा. कार्डावर कर्ज करण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. महिन्याचा एक दिवसही पूर्ण महिना धरला जातो, म्हणून पुढच्या महिन्याच्या १ तारखेऐवजी या महिन्याच्या ३१ तारखेला भरलं तर एक महिन्याचं व्याज वाचतं. मागणी एकरकमी झेपत नसेल तर नोटिशीतली ३० दिवसांची मुदत संपण्याआधी हप्त्यांसाठी अर्ज करा.

खात्यातून पैसे गेले आणि पावती आली नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. 'पेमेंट हिस्ट्री'मध्ये दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. पावतीवरचा ७ अंकी बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), भरल्याची तारीख आणि ५ अंकी चलन क्रमांक विवरणपत्रात जसेच्या तसे उतरवा. एक अंक चुकला तरी भरलेला कर जुळत नाही आणि त्याच रकमेची मागणी पुन्हा येते.