अळंबी : या चुका टाळा, आणि एक रात्र थांबा

मृगाचा पाऊस लागला, दोन संध्याकाळी गडगडाट झाला, की माझ्या फोनवर फोटो यायला सुरुवात होते. हिरव्या गवतात पांढरी छत्री, वरून काढलेली, आणि खाली एक ओळ : "मामा, ही चालतंय काय?" बारा वर्षं मी बेळगावच्या खानापूर तालुक्यात धिंगरी (ऑयस्टर मशरूम) पिकवतोय आणि जांबोटी-कणकुंबीच्या रानातली अळंबी तर लहानपणापासून खातोय. त्यामुळे लोकांना वाटतं, याला नुसतं बघून कळतं. कळत नाही. अळंबीची ओळख खालच्या बाजूला असते आणि फोटो काढणारा नेमका तिथंच वाकलेला नसतो.

वारुळाजवळ होती की!

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. आपल्याकडं चवीची म्हणून जी अळंबी ओळखली जाते ती वारुळाची, गोव्याकडच्यांची रोयणाची अळमी. पावसाळ्यात चोर्ल्याच्या रस्त्याला बायका पानावर मांडून बसतात तीच. श्रावणात मटण बंद असलेल्या घरात तिच्या रश्श्याचा वास सुटला की शेजारी उगाच चौकशीला येतात. एवढ्या कौतुकातून पोरांच्या डोक्यात एकच हिशेब बसतो : वारूळ दिसलं, छत्री दिसली, म्हणजे खायची. पण वारुळाच्या शेजारी उगवलेली प्रत्येक छत्री वारुळातून उगवलेली नसते.

२०१९ चा ऑगस्ट. मलप्रभेला पूर, रस्ते बंद, आणि बेंगळुरूला नोकरी करणारा माझा भाचा घरी अडकलेला. कंटाळून गुरं चरायच्या माळावर गेला आणि टॉवेल भरून अळंबी घेऊन आला. ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या, मधोमध तपकिरी खवले. ताईला शंका आली होती, पण हा म्हणाला, "आई, वारुळाच्या बाजूलाच हाय की, आणि व्हिडिओत बघितलंय मी." ताईनं जुन्या बायकांच्या रीतीनं रश्श्यात चांदीचं जोडवं टाकलं. काळं पडलं नाही. वाढलं सगळ्यांना.

दीड तासात पहिली उलटी. नंतर चौघंही आडवे, पोटात पिळा, जुलाब. पुलावर पाणी म्हणून गाडी फिरवून नेली, रात्रभर सलाइन. सगळे वाचले. सकाळी मी ताईचं घर उघडायला गेलो, तर स्वयंपाकघरात सुपात वर्तमानपत्र पसरून दोन छत्र्या तशाच ठेवलेल्या, दुसऱ्या दिवशी भाजीला म्हणून. उचलल्या तर कागदावर हिरवट भुकटी सांडलेली. आदल्या संध्याकाळी पांढरे असलेले टोपीखालचे पातळ पडदे शेवाळी झालेले. क्लोरोफायलम नावाची विषारी अळंबी. जगभर पोट बिघडवणाऱ्या अळंबीत तिचा नंबर बराच वरचा आहे. ताईनं स्वयंपाकाला एक रात्र थांबायचं ठरवलं असतं तर त्या अळंबीनं आपण होऊन स्वतःची ओळख सांगितली असती.

म्हणून माझी सवय सांगतो. नवी जागा असेल तर एक अळंबी देठ कापून, पडदे खाली करून कागदावर ठेवायची. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा. वर वाडगं पालथं घालायचं आणि झोपायचं. सकाळी भुकटीचा ठसा बघायचा. वारुळाच्या अळंबीचा ठसा गुलाबीसर, क्लोरोफायलमचा हिरवा, ॲमानिटा या जीवघेण्या जाती असलेल्या कुळाचा पांढरा. पण गुलाबी आला म्हणजे परवाना मिळाला असंही नाही. एन्टोलोमा नावाच्या कुळाचाही ठसा गुलाबीच आणि त्यातल्या काही जाती विषारी आहेत. गुलाबी ठसा ही पहिली अट, शेवटची नव्हे.

दुसरी खूण मुळाची. ओढून उपटलेली अळंबी घेऊन माझ्याकडं येऊ नका, मी बघणारही नाही. वारुळाच्या अळंबीला देठाखाली लांब मुळी असते, कधी हातभरसुद्धा. ती जमिनीतून खाली वाळवीच्या मधपोळ्यासारख्या जाळीपर्यंत जाते. टोपीच्या मधोमध टणक टोक असतं, त्यानंच ती माती फोडून वर येते. क्लोरोफायलमला ना टोक, ना मुळी. देठावर एक कडं असतं, ते बहुतेक वेळा वर-खाली सरकतं. तेव्हा एकच अळंबी खुरप्यानं बाजूनं उकरून मुळापर्यंत बघा, बाकीच्या हलक्या हातानं काढा. वारूळ फोडायचं नाही. आणि भोकात हात घालायचा नाही. का, ते आपल्या गावाकडच्या माणसाला सांगायला नको.

जोडवं, लसूण, तांदूळ, हळद : अळंबीबरोबर शिजवून रंग बघायच्या या सगळ्या परीक्षा फोल आहेत. चांदी गंधकानं काळी पडते, विषानं नाही. गोगलगायीनं खाल्लेली म्हणजे आपल्याला चालते, हेही खोटं.

क्लोरोफायलम लवकर त्रास देते, हे त्यातल्या त्यात नशीबच म्हणायचं. दाट झाडीतल्या ॲमानिटाची गोष्ट वेगळी. तिच्या देठाच्या तळाशी मातीत लपलेली अंड्याच्या टरफलासारखी पिशवी असते. म्हणजे पुन्हा, उपटली तर ओळखच जमिनीत राहते. तिच्यातल्या जहाल जातींचं विष शिजवून जात नाही आणि त्रास सुरू व्हायला सहसा ६ ते १२ तास लागतात, कधी त्याहून जास्त. मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि त्याच काळात यकृत निकामी होत असतं. जेवल्यावर बऱ्याच तासांनी पोट बिघडलं तर "आता उतरलंय" म्हणून घरी बसू नका. उरलेली अळंबी, सालपटं, रश्श्याचं भांडं, जे असेल ते बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

बाकी भराभर. दोन जातींची अळंबी एका बुट्टीत घालू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन तासांत चिखल होतो, पान नाहीतर बुट्टीच बरी. कच्ची खाऊ नका. पहिल्यांदा खात असाल तर थोडीच खा, आणि एक-दोन तशाच बाजूला ठेवा. ती काळी शाई गळणारी अळंबी खाऊन वर दारू घेतली तर धडधड आणि उलट्या होतात, तेव्हा पार्टीवाल्यांनी विचार करावा. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथून अळंबी आणणं हा गुन्हा. फोनमधल्या ओळख सांगणाऱ्या ॲपवर मी रस्सा रांधणार नाही.

घरी वारुळाची अळंबी लावायची हौस

दर वर्षी एक तरी शहाणा सापडतोच. मागं एकानं वारूळ खणून वाळवीची जाळी बादलीत भरून आणली, परसात पुरली, रोज पाणी घातलं. वाट बघून दीड महिन्यानं मला बोलावलं : "आलंय काहीतरी, पण काळं आलंय." बघितलं तर कोळशाच्या कांड्यांसारखी शिंगं. जाळीवर वाळवीचं राज्य असतं तोवर ती दुसऱ्या बुरशीला डोकं वर काढू देत नाही. वाळवी गेली की झायलेरिया नावाची बुरशी सगळी जाळी गिळते. वाळवी आणि ही अळंबी यांची भागी सुमारे ३ कोटी वर्षांची आहे. वाळवी पालापाचोळा चावून जाळी रचते, त्यावर बुरशी पोसते आणि तीच खाते. ही शेती वाळवीची. आपल्याला तिच्या वरकडीवर समाधान मानायचं. वारुळाच्या अळंबीचं बियाणं देतो म्हणणारा कुणी भेटला तर पाकीट खिशातच राहू द्या.

लावायचीच तर धिंगरी लावा. भाताच्या पिंजराची आपल्याकडं ददात नाही. तिथं नवशिक्याला नडतं ते पाणी. मी स्वतः नडलोय. पहिल्या वर्षी गणपतीच्या आधी माल देतो म्हणून एका हॉटेलवाल्याला शब्द दिला. भर जुलैत साठ पिशव्या भरायच्या होत्या, पिंजर गरम पाण्यातून काढलं आणि टपटप गळत असतानाच संध्याकाळी भरून टाकलं. आठव्या दिवशी पिशव्यांच्या बुडाला पिवळं पाणी, आंबलेल्या अंबिलीचा वास, आणि मग हिरवी बुरशी. वर शहाणपण असं की, आत काय झालंय म्हणून शेडमध्येच एक पिशवी फाडली. हिरवा धुरळा उडाला आणि शेजारच्या चांगल्या पिशव्याही गेल्या. साठच्या साठ शेणखड्ड्यात.

आता माझं असं. दोन बोटं लांबीचं पिंजर रात्रभर भिजवतो, ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतो आणि जाळीच्या धुतलेल्या पोत्यात भरून स्वच्छ खोलीत रात्रभर टांगतो. कोरड्या हवेत इतका वेळ लागत नसेल, पण आमच्या पावसात लागतो. सकाळी मूठ आवळायची : थेंब पडता कामा नये, तळवा मात्र ओला झाला पाहिजे. मगच बियाणं, म्हणजे दाण्यांवर वाढवलेली धिंगरीची बुरशी, घालायचं. हिरवा डाग दिसला की पिशवी न उघडता मागच्या दारानं बाहेर. औषधाच्या पाण्यात पिंजर भिजवायची पद्धत मान्यताप्राप्त आहे : १०० लिटरला साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम, १२५ मिली फॉर्मालिन, १८ तास. पण आपले लोक चिमटीनं आणि झाकणानं मोजतात, म्हणून मी ती कुणाला सुचवत नाही.

देठ लांब आणि टोपी बारीक आली तर हवा कोंडलीय, खत कमी पडलेलं नाही. टाचणीएवढ्या कळ्यांवर थेट पाणी मारू नका. जमीन, भिंत, पोतं ओलं करा. बियाणं दुधासारखं पांढरं हवं, काळा-हिरवा ठिपका दिसला की परत. बेळगाव थंड आहे म्हणून बटण अळंबी लावायला निघालेल्यांनी आधी १४ ते १८ अंश दिवसासुद्धा राखायचं वीजबिल काढावं. उन्हाळ्यात दुधी अळंबी लावा, ती ३०-३५ अंशांत खुशाल येते.

आणि काढणी लांबवू नका. टोपीच्या कडा सपाट व्हायला लागल्या की धिंगरी भुकटी सोडते, बंद खोलीत ती छातीत जाते आणि महिनोन्‌महिने खोकला सुटत नाही. बायको शेडमध्ये शिरताना नाकाला पदर लावायची, मी हसायचो. तीन पावसाळे खोकल्यावर आता रोज सकाळी तिच्याच जुन्या साडीचं फडकं तोंडाला बांधून आत जातो.