नवा पाइप आणि ती गुडगुड

पुण्यात कॅम्पातल्या एका दुकानातून तंबाखू ओढायचा, ब्रायरच्या कठीण लाकडाचा पाइप घेतला. घरी येऊन तोंडात धरायची दांडी ओढून काढली, तर आत ९ मिमीच्या फिल्टरसाठी भलंमोठं भोक! दुकानदार यावर अवाक्षर बोलला नव्हता. फिल्टर न घालता ओढला, तर त्या पोकळीत वाफ थंड होऊन पाणी साठायचं आणि पाइप हुक्क्यासारखा गुडगुडायचा. कोळशाचा फिल्टर घातला की गुडगुड बंद, पण चवही गायब. (फिल्टरने तंबाखू निरुपद्रवी होत नाही, हे बायको रोज ऐकवते; बरोबरच आहे तिचं.) शेवटी अ‍ॅडॉप्टर मागवला. पेराएवढी नळी ती, पोकळीत बसवली आणि प्रश्न मिटला.

दांडीही सैल होती. बोहरी आळीतून मधमाशांचं मेण आणलं, लाकडात शिरणाऱ्या टोकावर पातळ थर चोळला, बसली घट्ट. पाइप गरम असताना मात्र दांडी उपसायची नाही, लाकूड तडकू शकतं.

वाडग्यावर, म्हणजे तंबाखू भरायच्या भागावर, लाकडातले खड्डे लपवायला पुट्टी भरून गडद रंग फासलाय, त्याला इलाज नाही. आता नवा पाइप घेताना दुकानातच उजेडात धरून बघतो आणि दांडीतून पाइप क्लीनर (साफ करायची मऊ तार) घालतो. तो वाडग्याच्या तळाशीच निघाला पाहिजे. वर निघाला तर पाइप परत काउंटरवर.