स्पॅनिश कागदपत्रांतलं 'पारेंतेस्को': या चुका टाळा

'पारेंतेस्को' म्हणजे नातं, एवढं शब्दकोश सांगतो. कागद अडतो तो पुढच्या तपशिलावर.

दिशा उलटी लिहिणे. 'पारेंतेस्को कोन एल सोलिसितांते' म्हणजे त्या ओळीतल्या माणसाचं अर्जदाराशी नातं. अर्जदार वडील आणि ओळ मुलीची असेल, तर 'इखा' (मुलगी) लिहा, 'पाद्रे' नव्हे.

चुलतभावाला 'एर्मानो' (भाऊ) म्हणणे. ही खास आपली चूक. स्पेनच्या १८८९ च्या दिवाणी संहितेत एक पिढी म्हणजे एक 'ग्रादो'. भावकीत मोजताना समाईक पूर्वजापर्यंत वर चढायचं, मग पलीकडच्या फांदीने खाली उतरायचं. वडिलांपर्यंत एक, तिथून सख्ख्या भावापर्यंत दोन. काका-मामा तिसऱ्या ग्रादोत. चुलत, आते, मामे, मावस भावंडं चौथ्या, आणि ती सगळी 'प्रीमो एर्मानो'. नातेवाईक इस्पितळात असताना मिळणारी पाच दिवसांची पगारी रजा दुसऱ्या ग्रादोपर्यंतच आहे. 'एर्मानो' लिहिलं आणि जन्मदाखल्यांवर आईवडिलांची नावं वेगळी निघाली, की प्रश्न सुरू होतात. चुलतभाऊ तुमच्याच घरी राहत असेल आणि त्याची शुश्रूषा तुम्हालाच करावी लागत असेल, तर रजा त्या मुद्द्यावर मागा.

साडूला ग्रादो देणे. लग्नाने जुळतं ते नातं 'आफिनिदाद'. जोडीदाराचे रक्ताचे नातेवाईक त्याला ज्या ग्रादोत, त्याच ग्रादोत आपल्याला: सासू-सासरे पहिल्या, दीर-नणंद-मेहुणे दुसऱ्या. साडूला 'कोन्कुन्यादो', व्याह्याला 'कोन्सुएग्रो' असे नेमके शब्द स्पॅनिशमध्ये आहेत (इंग्रजीला हे जमलेलं नाही), पण कायद्यात दोघांनाही ग्रादो नाही.

'पारिएंतेस' म्हणजे आईवडील समजणे. इंग्रजीमुळे होतं. ते नातेवाईक, आईवडील 'पाद्रेस'.

आनुवंशिकीतला गुणांक. 'कोएफिसिएंते दे पारेंतेस्को' या नावाखाली दोन मापं भेटतात. एक म्हणजे समाईक जनुकांचा वाटा. दुसरं म्हणजे दोघांकडून एकाच जनुकाची एकेक प्रत सहज उचलली, तर त्या दोन्ही एका पूर्वजाच्या एकाच प्रतीतून आलेल्या असण्याची शक्यता. सख्ख्या भावंडांसाठी पहिलं ०.५, दुसरं ०.२५ (आईवडील एकमेकांच्या नात्यातले नसतील तर). लेखात भावंडांपुढे कोणता आकडा आहे ते आधी पाहा, मगच बाकीचं गणित.

रसायनशास्त्र. 'आफिनिदाद एलेक्त्रोनिका' म्हणजे अणू इलेक्ट्रॉन घेतो तेव्हाचा ऊर्जाबदल. सासरचा काही संबंध नाही. क्लोरिनसाठी तो सुमारे ३४९ किलोजूल प्रति मोल. बाहेर पडणारी ऊर्जा काही पुस्तकं धन लिहितात, काही ऋण. दोन तक्ते मिसळण्याआधी चिन्ह तपासा.