विझर्ड्रीच्या भुयारात वाट कशी काढावी

विझर्ड्री या संगणकावरच्या खेळात भुयाराच्या पहिल्या मजल्यावर पाच-दहा मिनिटं फिरलं की सगळे बोळ सारखे दिसायला लागतात. खेळ सोडून देणारे बहुतेक जण इथेच सोडतात. त्यांना राक्षसांनी हरवलेलं नसतं, वाट हरवलेली असते. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांनी १९८१ साली अ‍ॅपल टू संगणकासाठी आणलेल्या या खेळात भुयाराचे १० मजले आहेत आणि प्रत्येक मजला २० बाय २० घरांचा, म्हणजे मजल्याला ४०० घरं. मूळ खेळात पडद्यावर नकाशा मिळत नाही. २०२४ साली नव्या रूपात आलेल्या आवृत्तीत तो मिळतो, तरीही पहिला मजला हातानेच काढा असं मी प्रत्येक नवख्याला सांगतो. हाताने काढलेला मजला डोक्यात राहतो, आणि खाली गेल्यावर तेच कामाला येतं.

आधी शाळेची आलेखवही घ्या. एका मजल्याला एक पान. २० बाय २० चा चौकोन आखा, डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातल्या घराला ०,० म्हणा आणि कडेने १९ पर्यंत आकडे घाला. पहिला आकडा पूर्वेकडे, दुसरा उत्तरेकडे. किल्ल्यातून उतरणारा जिना याच ०,० वर आहे, म्हणून सगळं मोजमाप तिथून. पेन नको, पेन्सिल हवी. भिंत म्हणजे रेघ, दार म्हणजे रेघेवर छोटा टिंब. जी बाजू पाहिलेली नाही ती कोरी ठेवा. ‘इथे भिंतच असणार’ असं धरून रेघ मारली की पुढचा तासभर ती रेघ तुम्हाला फसवते, कारण कोपऱ्यातली गुप्त दारं नेमकी अशाच ठिकाणी असतात.

मग एका वेळी एकच घर चाला. नवीन घरात गेलात की चारही दिशांना वळून बघा, वहीत मांडा, मगच पुढचं पाऊल. उजवा हात भिंतीला लावून चालत राहायची जुनी युक्ती इथे पुरत नाही. काही दारं एकाच बाजूने उघडतात, आणि काही मजल्यांवर पूर्वेच्या कडेवरून पाऊल टाकलं की तुम्ही पश्चिमेच्या कडेला निघता. १९ नंतर पुन्हा ० येतो. मार्गावर वस्तू टाकून खूण करण्याचाही उपयोग नाही, टाकलेली वस्तू तिथे राहत नाही.

आता खरी अडचण. आपल्याकडे रानात रात्री माणूस त्याच त्या जागी फिरत राहिला की चकवा लागला म्हणतात. या भुयारात चकव्याची घरं मुद्दाम पेरलेली आहेत. स्पिनरच्या घरात पाऊल पडलं की तुमचं तोंड भलत्याच दिशेला वळतं, आणि खेळ त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. दुसरा चकवा त्याहून वाईट: तो उचलून थेट दुसऱ्या घरात ठेवतो. बोळ सारखेच दिसत असले तर काहीच झालं नाही असं वाटतं, आणि तुम्ही चुकीच्या जागी बरोबर नकाशा काढत राहता.

हे ओळखायची खूण वहीतच असते. आधी काढलेल्या भिंतीतून आरपार बोळ जातोय असं दिसलं, किंवा जिथे खोली होती तिथे आता कोपरा आला, तर लगेच थांबा. खोडरबर उचलू नका. जुना नकाशा बहुधा बरोबर असतो, तुमची जागा चुकलेली असते. तळ ठोका आणि तुमच्या सहाजणांच्या तुकडीतल्या जादूगाराकडून ड्यूमॅपिक मंत्र म्हणवून घ्या. तुमचं तोंड कुठे आहे आणि जिन्यापासून तुम्ही किती पूर्वेला, किती उत्तरेला, किती खाली आहात, हे तो सांगतो. आकडे वहीशी ताडून पाहा, मग मागची चार-पाच पावलं आठवून चकव्याचं घर शोधा आणि तिथे ठळक फुली मारा. प्रत्येक फुली पुढच्या प्रत्येक फेरीत जीव वाचवते.

अडचण अशी की ड्यूमॅपिक हा पहिल्या पातळीचा मंत्र आहे आणि शत्रूला झोपवणारा कॅटिनोही त्याच पातळीचा. दोन्ही एकाच मोजक्या शिदोरीतून जातात. नवख्या जादूगाराकडे तर ते मंत्र बोटावर मोजण्याइतकेच. म्हणून माझा नियम साधा आहे: शिदोरी अर्धी झाली की मागे फिरायचं. पुढचं दार कितीही खुणावू दे. माझी पहिली तुकडी गेली ती याच दारापायी. शेवटचा कॅटिनो वापरून आत शिरलो, आत काही विशेष नव्हतं, आणि परतीच्या बोळात दोन लढाया लागल्या. मूळ खेळात माणूस मेलं की जुन्या जागेवरून पुन्हा सुरुवात करता येत नाही. वर येऊन सरायच्या तबेल्यात झोपलात तर एक पैसाही न देता मंत्र भरून येतात, तेव्हा घाई कशाला?

काळोखाचे पट्टे वेगळे. तिथे शिरताच मिल्वा या उजेडाच्या मंत्राचा प्रकाशही विझतो आणि पडदा काळा होतो. इथे डोळ्यांचं काम बोटांनी करायचं. पुढे पाऊल टाका. भिंतीवर आपटलात तर ‘आउच’ असा शब्द येतो, तो आला की वहीत रेघ मारा, वळा, पुन्हा पाऊल. शक्यतो सरळ रेषेतच जा आणि पावलं मोठ्याने मोजा, मी अजूनही मोजतो. काळोखातून बाहेर पडल्यावर पहिल्याच घरात ड्यूमॅपिक वापरा, इथे तो खर्च करायला कचरू नका.

पहिले चार मजले असे उलगडले की पुढचं सोपं होतं. वरून चौथ्यापर्यंत लिफ्ट आहे. चौथ्यावरच्या मोठ्या लढाईनंतर निळी फीत मिळते, आणि ती जवळ असली की दुसरी लिफ्ट थेट नवव्यावर नेते. पाच ते आठ हे मजले मग ऐच्छिक.

सातव्या पातळीचा मालोर मंत्र तुकडीला हव्या त्या घरात नेऊन ठेवतो. आकडे वहीतून वाचूनच द्या, आठवणीतून कधीच नको. चुकून दगडात उतरलात तर सगळे सहाजण कायमचे गेले.

आणि तुकडी भुयारात मेलीच, तर घराचे आकडे तेव्हाच लिहून ठेवा. मृतदेह तिथेच पडून राहतात. दुसरी तुकडी त्या घरापर्यंत नेऊन आजूबाजूला शोध घेतला की ते सापडतात. तुकडीत जागा सहाच, म्हणून शोधायला चौघांनाच पाठवा. दोघांना उचलून वर आणा, जिवंत करायला देवळात पोचवा, आणि उरलेल्या चौघांसाठी पुन्हा उतरा.