देणगीदाराला सरकारी आभारपत्र कसे लिहावे

कचेरीत मसुदे लिहिण्यात माझी हयात गेली, म्हणून सांगते. पहिल्याच वाक्यात काय मिळाले ते लिहा. ‘बहुमोल योगदान’ नको. पुण्यातले बाजीराव रस्त्यालगतचे केळकर संग्रहालय आठवा. दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास जमवायला घेतलेला संग्रह राज्य सरकारला दिला. तिथे अडकित्ते, दिवे, वाद्ये ही नावेच पुरेशी बोलतात.

मग देणाऱ्याची इच्छा लिहा. केळकरांच्या संग्रहालयाला त्यांच्या दिवंगत मुलाचे, राजाचे, नाव आहे. अशी गोष्ट तळटिपेत ढकलू नये.

वस्तू कुठे राहील, कोण सांभाळेल हेही स्पष्ट हवे. देणाऱ्याला खरी काळजी त्याचीच असते. नावातली वेलांटी घरच्यांना विचारून तपासा. सही वरिष्ठांची, शाईची. पत्र टपालात न टाकता घरी नेऊन द्या.